दूध पाजणारीचा अर्ज

"काय लिवलं ते वाचून दाखवा जी," असं म्हणून ती माझ्यासमोर उकिडवी बसायची आणि डोळे मिटून घ्यायची. मी वाचू लागलो की तिचे ओठ हलायचे. एखादा शब्द तिच्या तोंडचा नसला तर लगेच डोळे उघडायची. "हे मी नाही बोलली. हे काढा."

तुमच्यापैकी कोणी माझ्यासारखं कचेरीसमोर झाडाखाली बसून लोकांचे अर्ज लिहिले असतील, तर त्यांना ठाऊक असेल की असं कोणी म्हणत नाही. अर्जात जितके मोठे शब्द तितका मोठा न्याय, अशी लोकांची समजूत. मीही ते शब्द मोकळ्या हातानं वापरायचो. तिच्या पहिल्या अर्जाची सुरुवात मी माझ्या नेहमीच्या पद्धतीनं केली होती. गरीब, अनाथ, दीनदुबळी अर्जदार हुजुरांच्या पायाशी येऊन वगैरे.

"दुबळी कोन?" तिनं विचारलं.

"तू. अर्जात असंच लिहितात."

"मी दुबळी कुठी हाव? रोज दीड कोसावरून टोपलं डोक्यावर आनतो. साहेबानं पाह्यलं तर म्हनन, ही लबाड हाय. काढा ते."

मी तो कागद बाजूला ठेवून दुसरा घेतला.

हे कापसाच्या तेजीतलं सांगतोय. कुठेतरी समुद्रापलीकडे लढाई चालू होती म्हणून आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. अमरावतीत गाड्यांना उभं राहायला जागा नव्हती. माझ्यापुढं येणारे अर्ज सगळे वावराचे. कोणी धुरा कोरला, कोणी बांध सरकवला, कोणाच्या मेलेल्या चुलत्याच्या जमिनीवर सात वारस उगवले. त्या गर्दीत ही माळीण कडेवर चार वर्षांची मुलगी घेऊन आली आणि म्हणाली, "मले ही पोरगी पायजे. वावर नको."

चाळिशीच्या आतबाहेरची असेल. सावळी, हाडापेरानं मजबूत, नेसूचं वर खोचलेलं. नवरा कधीच वारला होता. गावाबाहेर विहिरीला लागून तिचा लहानसा मळा होता. त्यात ती मेथी, वांगी, भेंडी, पालक लावायची आणि सकाळी बाजारात आणून विकायची. मळ्याच्या शेजारी एक कुणबी राहायचा. त्याचं वडिलोपार्जित वावर अकोल्याकडच्या एका गावात होतं. ते त्याचा चुलतभाऊ कसायचा, आणि हा इकडे बायकोला घेऊन गाडीवर पोट भरायचा. त्याची बायको बाळंतपणात गेली. त्याच आठवड्यात हिचंही लेकरू गेलं होतं, नवरा गेल्यानंतर झालेलं, नऊ दिवसांचं. कुणबी रडणारी पोर फडक्यात गुंडाळून हिच्या दारात उभा राहिला. काय मागावं हे त्यालाही कळेना.

"मंग तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"काय म्हननार? घेतली अन् पाजली."

मुलीचं नाव गिरजा. सगळे गिरजी म्हणायचे. बापाच्या घरी ती फक्त नावाला राहिली. तो दिवसा गाडी हाकायचा आणि पोर हिच्या मळ्यात वाढायची. मग तेजी आली. गाड्यांवर झेपेल त्याहून जास्त कापूस लादू लागले. पेढी नदीच्या उतारावर त्याची गाडी उलटली आणि तो चाकाखाली आला. त्याला घरी आणेपर्यंत जीव उरला नव्हता.

तेराव्याला अकोल्याकडचा तो चुलतभाऊ, म्हणजे मुलीचा चुलता, आला. चार वर्षांत त्यानं पोरीचं तोंडही पाहिलं नव्हतं. आता मात्र तो सोबत खाऊ घेऊन आला आणि म्हणाला, "आमची पोरगी आमी नेतो." ज्याच्या ताब्यात पोरगी त्याच्या ताब्यात वावर, हे त्याला कोणीतरी नीट समजावलेलं होतं. हिनं पोरगी दिली नाही. तो कचेरीत गेला. म्हणून ही माझ्याकडे आली.

अर्ज लिहिताना एका जागी माझी लेखणी अडली. अज्ञान, म्हणजे वयात न आलेल्या, मुलीशी अर्जदाराचं नातं काय, हे लिहायचं होतं.

"माय," ती म्हणाली.

"तसं लिहिता येत नाही बाई. आई मेली हे कागदावर आहे."

"मंग दूध पाजनारी लिवा."

मी लेखणी खाली ठेवली. मला कचेरीची नाडी कळत होती. मी हळूच म्हणालो, "हे बघ, मुलीच्या आईची मानलेली बहीण म्हणून लिहू. मावशी. पाच साक्षीदार मिळतील. मावशी म्हटलं की साहेबाला समजतं. दूध पाजणारी म्हटलं की ते तुला दाई समजतील, पगारी बाई समजतील."

 पोरगी तिच्या मांडीवर झोपली होती. झोपताना हिचा उजवा कान मुठीत धरायची तिला सवय होती, त्यामुळं ही मान वाकडी करून बसली होती.

"ते बाई मले बहीन नाही म्हनत व्होती," ती म्हणाली. "आमचं दोघींचं एकदा भांडन बी झालं व्होतं, पान्यावरून. ते मेली. आता तिच्या नावानं खोटं कावून बोलू? दूध पाजनारीच लिवा."

मी तसंच लिहिलं. त्या वेळी मी अजून दोनदा सांगायला हवं होतं की काय, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

खाली निशाणी करायची होती. बायका अर्जावर बांगडीची खूण काढत. हिच्या हातात बांगडी नव्हती. तिनं माझ्या हातातली लेखणी घेतली, जीभ दातांत धरली आणि एक खुरपं काढलं. चांगलं जमलं होतं. "मूठ जरा लहान झाली," असं म्हणून तिनं ती मोठी केली आणि कागदावर शाईचा एक डाग पाडला.

सुनावणीला मी होतो. साहेब तरुण होते, मराठी मोडकंतोडकं बोलायचे, पण ऐकून घ्यायचे. त्यांनी विचारलं, "तुमचं या मुलीशी नातं काय?"

"मी पाजली तिले."

चुलत्याच्या वकिलानं तेवढंच धरलं. दाई होती, काम झालं, आता घरी जावं. शिवाय तो म्हणाला, ही बाई बाजारात पालक विकते म्हणून हिला पालक करायचं काय? कचेरी हसली. पट्टेवालासुद्धा हसला. तिनं हसणारे थांबेपर्यंत वाट पाहिली आणि म्हणाली, "पालक बी मीच लावतो, मीच पानी देतो, मंग विकतो. ह्या मानसानं काय लावलं ते इचारा त्याले."

साहेबांच्या तोंडावर काहीतरी हललं. पण कागद कागद असतो. जमीन अकोला जिल्ह्यातली, तेव्हा प्रकरण अकोल्याला चालेल, असा हुकूम झाला. आणि निकाल लागेपर्यंत मुलगी रक्ताच्या माणसाकडे राहील.

तिला वाटलं तिला नीट ऐकू आलं नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

बाहेर चुलत्याची गाडी उभी होती. गिरजीनं हिच्या गळ्याला मिठी मारली होती, ती सुटेना. पट्टेवाला पुढं झाला तेव्हा ही त्याला म्हणाली, "तू नोको हात लावू, मीच देतो." एकेक बोट करून तिनं ती मिठी सोडवली. पोरीला गाडीत बसवलं. पोर किंचाळत होती. ही मात्र चुलत्याला सांगत होती, एखाद्या रोपाबद्दल सांगावं तसं, "वांगं नोका देऊ, अंगावर पुरळ येते. सकाळी उठल्याबरोबर बोलत नाही, तवा रागावू नोका. झोपतानी कान धरते. कोनाचा बी चालते का ते मले मालूम नाही. आतापावतर माहाच धरला."

गाडी गेली. ती टोपलं उचलून बाजारात गेली. मेथी सुकत होती.

त्यानंतर अडीच वर्षं ती अमरावती ते अकोला करत होती. तेव्हा आगगाडीच्या रुळांसाठी नुसती माती पडत होती. ती कापसाच्या गाड्यांसोबत चालत निघायची. बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव. तीन दिवस जायला, तीन यायला. गाडीवान ओळखीचे झाले होते, बस म्हणायचे. "बैलाले कापूस हाय तेवढा पुरे," असं म्हणून ही चालायची.

अकोल्याच्या कचेरीतल्या कारकुनाशी तिची चांगलीच ओळख झाली. एकदा मीही कामानं तिकडे होतो. कारकून मान वर न करता म्हणाला, "उद्या ये."

"उद्या म्हनजे कोन्ता दिवस जी? मागच्या खेपेले बी तुमी उद्याच सांगतलं व्होतं. मी तोच उद्या समजून आली."

त्यानं मान वर केली. पुढच्या तारखेचा आकडा एका चिठ्ठीवर लिहून दिला, जे तो सहसा करत नसे. तिनं ती चिठ्ठी माझ्याकडून वाचून घेतली.

चुलत्याचं गाव अकोल्यापासून दोन कोसांवर. प्रत्येक खेपेला ती तिथंही जायची. तो तिला दारात उभं राहू देत नव्हता. पोरगी दिसायची नाही. पण घराच्या मागच्या बाजूला चुलती यायची, हिनं आणलेलं भाजीचं गाठोडं घ्यायची आणि काही न बोलता आत जायची. किरकोळ, घाबरट बाई. तिलाही मूलबाळ नव्हतं. मी एकदा विचारलं, ती काही सांगते का पोरीबद्दल? "सांगत नाही," ती म्हणाली. "पन तिच्या लुगड्याले लहान हाताचा चिखल असते. मंग मी समजतो, पोरगी बरी हाय."

मग ती दूरदेशीची लढाई संपली. ही बातमी आमच्याकडे भावाच्या रूपानं आली. एका आठवड्यात बाजाराचा रंग उतरला. कापसाची गाडी कोणी विचारेना. जे लोक वावरासाठी भावाचं डोकं फोडायला निघाले होते, ते माझ्याकडे फिरकेनासे झाले. गिरजीचा चुलताही तारखेला येईनासा झाला. एक तारीख गेली, दुसरी गेली, वकीलही दिसेना. तिसऱ्या तारखेला अकोल्याच्या साहेबांनी हिच्या बाजूनं हुकूम दिला. दूध पाजून वाढवणारी ही बाई अज्ञान गिरजा हिची पालक राहील, आणि हिच्या व कचेरीच्या संमतीवाचून मुलीची जमीन कोणाला विकता येणार नाही.

त्या तारखेला मीही अकोल्याला गेलो होतो; मी तो हुकूम तिला तीनदा वाचून दाखवला. तिसऱ्यांदा वाचल्यावर ती म्हणाली, "कापूस वर व्होता तवा पोरगी सगळ्याइले पायजे व्होती."

दुसऱ्या दिवशी सकाळी हुकूम घेऊन आम्ही निघालो. ती, मी आणि कचेरीचा पट्टेवाला. तिनं नवीन परकर शिवून आणला होता, अंदाजानं. वाटेत दोनदा सोडून पाहिला. "लहान तर नाही होनार?" मी म्हणालो, नाही होणार. मला काय कळत होतं त्यातलं.

चुलता घरी नव्हता, किंवा घरात असून बाहेर आला नाही. चुलती ओसरीवर आली. तिच्यामागं एक सहासात वर्षांची मुलगी होती. पट्टेवाल्याचा लाल पट्टा पाहून ती घाबरली आणि चुलतीच्या पदराआड गेली.

"गिरजे," ही म्हणाली.

मुलीनं पाहिलं. ओळख नव्हती. अनोळखी माणसाकडे पाहावं तसंच पाहिलं. मग चुलतीला म्हणाली, "माय, हे कोन हायेत?" चुलती खाली बसली. पोर तिच्या मांडीत शिरली आणि तिनं हात वर करून चुलतीचा कान धरला. घट्ट, मुठीत.

पट्टेवाला माझ्याकडे पाहू लागला. चुलतीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. हुकुमासमोर काय बोलावं हे तिला कळत नव्हतं.

 मग ही मला म्हणाली, "मुनशीजी, त्या हुकुमात आजच न्या असं लिवलं का?"

"नाही. तसं नाही."

"कधी न्यायची थे लिवलं?"

"नाही."

"मंग राहू द्या."

मी तिला बाजूला घेतलं. समजावलं, की पोर लहान आहे, चार दिवस रडेल, मग विसरेल. एकदा विसरली तशी परत विसरेल.

"म्हनूनच," ती म्हणाली. "दोनदा तिची माय सुटली, मुनशीजी. एक मेली, एक म्या सोडवली, ह्या बोटाइनं. आता तिसऱ्यांदा माह्याच्यानं होत नाही."

तिनं परकर चुलतीच्या पुढं ठेवला. चुलतीनं तिचे पाय धरले तेव्हा मागं सरून म्हणाली, "बाप्पा, असं नोको करू. पोरगी पाहून राहिली." आणि मग, "तिले काही नोको सांगू. मोठी होईन तवा पाहू."

अडीच वर्षं चालून मिळवलेला हुकूम कोणी असा वापरला नसेल. मी वाटभर चिडलेला होतो. ती मात्र चुलत्याच्या गावातल्या विहिरीची चौकशी करत होती. पुढच्या दोन महिन्यांत तिनं अमरावतीचा मळा दिराला देऊन टाकला आणि त्या गावाच्या शिवेवर एक तुकडा वाहायला घेतला. झोपडी बांधली. रोज सकाळी टोपलं घेऊन गावात फिरायची, आणि सगळ्यात शेवटी चुलत्याच्या दारात जायची. गिरजी तिला भाजीवाली मावशी म्हणू लागली.

वर्षभरानं चुलता अडचणीत आला. तेजीत त्यानं फार उड्या मारल्या होत्या. गिरजीचं वावर विकायला हिची निशाणी लागत होती. तो गोड बोलून आला, मग तापून आला. हिनं दोन्ही वेळा एकच सांगितलं, "पोरीचं हाय. पोरगी शहाणी झाली का तिले इचारजो." वावर राहिलं. आज गिरजी ज्या जमिनीवर उभी आहे ती त्या एका वाक्यामुळं.

या काळात मी तिला एकदाच भेटलो. अकोल्याहून परतताना मुद्दाम वाट वाकडी केली. ती भेंडीला पाणी देत होती. मी विचारलं, "पोरगी ओळखते का आता?"

"ओळखते ना. भेंडी कवळी हाय का जून, थे सांगते."

"आणि तू काय सांगतेस?"

"कवळी हाय म्हनतो." ती हसली. मग म्हणाली, "परवा तिचा दात पडला. दाखवाले आली व्होती. आधी मले दाखवला, मंग तिच्या मायले." आणि पाण्याचा दांड मोडायला वाकली.

ती त्या गावी राहायला गेल्याला दोन वर्षं झाली तेव्हा चुलतीचा निरोप एका गाडीवानाबरोबर आला. भाजीवाली गेली. तीन दिवस ताप आला, चौथ्या दिवशी गावात टोपलं आलं नाही म्हणून लोक पाहायला गेले. मागून अकोल्याच्या कचेरीचं बोलावणं आलं आहे, एकटीला भीती वाटते, तुम्ही या.

अकोल्याला गेल्यावर मला कळलं की माळीण वर्षापूर्वीच कचेरीत येऊन गेली होती. दुसऱ्याच एका अर्जनवीसाकडून तिनं अर्ज लिहून घेतला होता. त्यात लिहिलं होतं, माझ्यामागं पालकपण मुलीच्या चुलतीला द्यावं, चुलत्याला देऊ नये. चुलतीला याची कल्पना नव्हती. मलाही नव्हती. मला जरा लागलं, खोटं का बोलू. पण मी अमरावतीत होतो, आणि तिला घाई होती.

साहेब बदलले होते. गिरजी चुलतीचा हात धरून उभी होती, आठनऊ वर्षांची, वेणी तेल लावून चप्प बसवलेली. कारकून जुना, तोच उद्यावाला. त्यानं हुकूम वाचायला घेतला. कचेरीच्या भाषेत, एका सुरात, नाकातून. मयत पालक हिने अज्ञान गिरजा हीस जन्मल्या दिवसापासून आपले अंगावर दूध पाजून चार वर्षेपर्यंत पोटच्या मुलीप्रमाणे वाढविले, आणि तदनंतर...

"कोन?" गिरजी म्हणाली.

कारकून थांबला. चुलतीनं तिला गप्प राहायची खूण केली. कारकुनानं माझ्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं आणि पुढचं हळू वाचलं. शेवटपर्यंत पोरगी हलली नाही.

बाहेर पायरीवर बसल्यावर तिनं चुलतीला विचारलं, "भाजीवाली मावशी?"

चुलतीनं मान हलवली. बाकीचं मीच सांगितलं. जेवढं सांगता आलं तेवढं. दूध, मळा, कचेरी, गाड्यांमागून चालत येणं. पोर माझ्याकडे पाहत नव्हती. पायरीच्या दगडावरची माती नखानं खरवडत होती.

मी थांबलो. समोर गाडीवान बैल जुंपत होता. चुलती उठली, तिनं पोरीच्या खांद्यावर हात ठेवला. पोर उठली नाही.

"ते आजारी पडाच्या आधल्या दिवशी आली व्होती," गिरजी म्हणाली, अगदी बारीक आवाजात. "मी म्हनलं, तुही भेंडी जून हाय. आमाले नको."